एकदाच म्हटलेलं ‘हाव’

बाबा, आपल्या गावातलं फिल्टर उन्हाळ्यापासून बंद आहे आणि मी सरपंच आहे. या दोन्ही गोष्टी तुमच्या माघारी घडल्या, म्हणून आधी सांगून टाकते. फिल्टर म्हणजे खारं पाणी गोड करायचं मशीन, ग्रामपंचायतीच्या बाजूला टिनाच्या शेडमध्ये बसवलंय. बोअरचं पाणी तुमच्या वेळेस होतं तसंच आहे. तुरीची डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं, आणि दर्यापूरहून येणारे जार घ्यायची ज्यांची ऐपत नाही ते तेच पितात. मी सरपंच कशी झाले ते ऐका. तुमचे जावई गेले, मी अकोल्याच्या शाळेतून रिटायर झाले आणि इथं माहेरी परत आले, तर त्याच वेळेस सरपंचाची सीट बाईसाठी निघाली. तुमच्या दोन्ही पोरांना एकमेकांची बायको चालेना. मी कोणाला हवी होते असं नाही, कोणाला नडत नव्हते एवढंच. त्याला इकडे बिनविरोध म्हणतात.

थोरला म्हणतो, पाणी हा हक्क आहे, पंचायतीनं फुकट द्यावं, त्यात धंदा शिरला की गरीब मेला. धाकट्याचं दर्यापूरला कृषी केंद्र आहे. तो म्हणतो, फुकटच्या वस्तूची कोणी काळजी घेत नाही, ठेकेदाराला चालवायला द्या, कार्ड टाका, पाणी घ्या, मशीन बिघडलं तर तो पाहील. दोघं मोर्चे वेगळे काढतात, झेंडे वेगळे लावतात, मोबाइलवर दिवसभर एकमेकांना उद्देशून गावाला मेसेज पाठवतात आणि समोर आले की बोलत नाहीत. मला दोघांचंही पटतं. हीच माझी पंचाईत आहे, आणि ती तुमच्यामुळं आहे.

तुम्हाला आठवतं का, अमरावतीच्या कॉलेजातला तो पोरगा आला होता, गावोगाव फिरून लोकांचे विचार विचारत होता. आपल्या ओसरीवर बसून त्यानं अदबीनं विचारलं, काका, तुम्ही डाव्या विचाराचे की उजव्या? तुम्ही पानाला चुना लावत होतात. म्हणालात, “मी जेवतो उजव्यानं, धुतो डाव्यानं. एक हात तोडून पाहा न बाप्पा, कसं जमते ते.” आई आतून पदर तोंडाला लावून हसली. पोरगा ते लिहून घेऊ की नको अशा चेहऱ्यानं बसून राहिला. मला तेव्हा वाटलं, तुम्ही त्याची मजा केली. आता वाटतं, तुम्ही त्याला खरं तेच सांगितलं होतं.

विहिरीचं भांडण झालं तेव्हा मी नववीत होते. शिवारात गोड पाण्याची विहीर एकच, तीही गावातल्या किराणा दुकानदार काकांच्या शेतात. शेतमजुरांच्या युनियनवाले काका म्हणत होते, मोर्चा नेऊन विहीर खुली करू. दुकानदार काका म्हणत होते, पाय ठेवून तर पाहा. तुम्ही दोघांनाही ओसरीवर आणून बसवलं. मी आत आईजवळ भाकरीचं पीठ मळत बसले आहे, धुरानं डोळे चुरचुरताहेत, आणि बाहेरून तुमचा आवाज येतो आहे, “तू तुह्यं नको सांगू. हा काय म्हनते ते सांग. याची मान हालली पाह्यजे.” युनियनवाले काका चिडतात, उठतात, पुन्हा बसतात. शेवटी म्हणतात, “याचं म्हननं असं, का बाया पाण्याले आल्या म्हंजे उभं पीक तुडवतीन.” दुकानदार काका म्हणतात, “हाव.” मग त्यांची पाळी. ते म्हणतात, “याले भीक मांगल्यावानी पाणी नाई पाह्यजे.” युनियनवाल्या काकांच्या तोंडूनही निघतं, “हाव.” आई तव्यावरची भाकरी उलटते आणि मला हळूच म्हणते, आता चहा टाक.

ते ‘हाव’ माझ्या कानात बसलं आहे, बाबा. अकोल्याच्या शाळेत पुण्याच्या एक बाई बदलून आल्या होत्या. मी कशालाही हाव म्हटलं की त्या दचकायच्या. त्यांच्याकडे हाव म्हणजे लोभ, आपल्याकडे हाव म्हणजे हो. तुमचा त्यातही एक बारीक हिशेब होता. त्याच वर्षी तुम्ही मला सांगितलं होतं, शेजारच्या आजीला दवाखान्याच्या गोळ्या नेऊन दे. मी वाचता वाचता म्हटलं, “हाव हाव.” तुम्ही माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. “एकदा हाव म्हनलं म्हंजे मानूस करते. दोनदा म्हनलं म्हंजे त्याले फक्त तुले इथून घालवाचं असते. मले एक हाव दे, नाईतर नाई म्हन.” मी एकदाच हाव म्हटलं आणि गोळ्या घेऊन निघाले. तुमचं राजकारण म्हणाल तर तेवढंच होतं.

तेच मी परवा ग्रामसभेत करून पाहिलं. शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकली, दोघा भावांना समोरासमोर बसवलं आणि तुमच्या आवाजात म्हटलं, तुमचं तुमचं नको, एकमेकांचं सांगा. लोक हसले. मला वाटलं, आता टर उडवतील. पण नाही. थोरल्यानं धाकट्याचं इतकं नीट मांडलं की धाकट्यालाही तसं जमलं नसतं. धाकट्यानं थोरल्याचं सांगताना तर बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघंही तुमच्याच ओसरीवर वाढलेले, काय सांगायचं. दोघांनीही एकेकदा हाव म्हटलं. मी मधला रस्ता ठेवला, पिण्यापुरतं पाणी घरटी फुकट, वरचं कार्डावर, देखरेख बायांच्या गटाची. त्यालाही हाव. मी मनात म्हटलं, जिंकलो बाबा.

समजत नाही म्हणून ते भांडतात असं मी समजत होते. ते समजूनच भांडत होते, बाबा, त्याला मी काय करू?

कारण मशीन बंद पडलंय ते मोटरमुळे नाही. गोड पाणी निघालं की मागं अतिखारं पाणी उरतं. ते अंगणवाडीसमोर साचायला लागलं, लेकरं त्यातून जायला लागली, म्हणून बायांनीच बंद पाडलं. ते पाणी नाल्यात न्यायला एक नाली पाहिजे, आणि शेड आणि नाल्याच्या मधे शेत आहे ते आपलं. म्हणजे त्या दोघांचं. दोघांच्या मधल्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, वीतभर रुंद पाइप गाडायचा, बस. त्याच सभेत मी ती जागा मागितली तर थोरला म्हणाला, “सरकारनं रीतसर जागा घ्यावी, माह्यी काई ना नाई. असं खासगीत दिलं तर तत्त्व कुठी राह्यलं?” धाकटा म्हणाला, “ठेकेदारानं भाव करावा, मी विकतो. फुकट काहून द्यू?” दोघांचंही आपापल्या विचाराला धरूनच होतं. लोकांनी सतरंजी झटकली, गुंडाळली आणि घरी गेले.

मग मी घरी येऊन आठवत बसले, की विहिरीच्या भांडणात हाव झाल्यावर तुम्ही काय केलं होतं. चहा झाला, कपबश्या आत आल्या, आणि तुम्ही म्हणालात, “चला, दोरी घेऊन या.” विहिरीला लागूनच्या आपल्या शेतातून, कपाशीची पऱ्हाटी उभी असताना, तुम्ही विहिरीपर्यंत बायांना जायला वाट मोजून दिली. दुकानदार काकांचं पीक वाचलं, युनियनवाल्या काकांना कोणाच्या दारात जावं लागलं नाही. आपलं पीक तुडवलं जाणार म्हणून आई त्या दिवशी तुमच्याशी बोलली नव्हती. मी इतकी वर्षं सगळ्यांना तुमच्या त्या दोन ‘हाव’ची गोष्ट सांगत आले, शाळेतल्या पोरांनासुद्धा सांगितली, आणि दोरीचं सांगायचं दरवेळी राहून गेलं. मला ती गोष्टीची शेपटी वाटायची. तीच गोष्ट होती.

आता माझ्याजवळ मोजून द्यायला काय आहे? तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि दोघं भाऊ अकोल्याला आले होते. एका मोटरसायकलवर आले होते, बाबा, थोरला चालवत होता, धाकटा मागं बसला होता. त्यानंतर त्यांना मी एका गाडीवर कधी पाहिलं नाही. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि थोरला म्हणाला, “ताई, शेताच्या हक्कसोडीवर सही पाह्यजे. सगळ्याच बहिनी देतात.” धाकटा म्हणाला, “माहेर कुठी जाते तुह्यं?” तिथं डावं नव्हतं, उजवं नव्हतं, दोघांचं एकमत होतं. मी एकदाच हाव म्हटलं. तुम्ही शिकवलं तसं, मनापासून म्हटलं. शेताचे तीन भाग झाले असते तर मधला माझा असता, आणि पाइप तिथूनच जातो. मला त्याचा राग येत नाही असं मी म्हणणार नाही. येतो. पण त्या रागानं नाली खोदता येत नाही.

अंगणवाडीची मदतनीस आपल्या घरामागं राहते. तिचा नवरा किडनीनं गेला, आणि आता तिच्या पायांवर सूज आहे. अकोल्याच्या डॉक्टरनं तिला बोअरचं पाणी बंद सांगितलंय. ती आमच्या जारमधून एक तांब्या नेते, दुसरा दिला तर घेत नाही. रोज सकाळी जाताना फाटकापाशी थांबते आणि विचारते, “सरपंचबाई, कधी चालू होईन वो?” मी सांगते, बोलून राहिले, बघते. मग ती जाते.

हे तुम्हाला पाठवायचं तर कुठं, तेव्हा ते राहीलच. पण एक सांगते. आज ती थांबली, विचारलं, आणि मी भांडी घासत होते. मान वर न करता मी म्हटलं, “हाव हाव.” ती थोडा वेळ फाटकापाशी उभी राहिली. तीही याच गावची आहे, बाबा. तिला समजलं.