संस्थापकाची प्रस्तावना

३ मार्च
हॉस्पिटलमधून सुटलो. डॉक्टर म्हणाले, दारू सोडलेल्यांच्या एखाद्या मंडळात जा. आपल्याकडे असं मंडळच नाही. म्हणजे मलाच काढावं लागणार. पंचवीस वर्षं ऑफिसात सर्क्युलरं लिहिलीत, मंडळाचं पुस्तकही मीच लिहीन. प्रकरणं बारा. आधी प्रस्तावना.

६ मार्च
शाळेचा चित्रकलेचा वर्ग मिळाला. दर रविवारी सकाळी. वॉर्डात शेजारच्या कॉटवर एक बस ड्रायव्हर होता, त्याला सभासद करून घेतलं. ही म्हणाली, तुम्हीही सभासदच ना? म्हटलं, मी संस्थापक.

९ मार्च
पहिली सभा. हजर दोन, माझ्यासकट. मी चाळीस मिनिटं बोललो. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, काल दुकानाच्या दारापर्यंत गेलो होतो, पण सकाळी तुम्हाला तोंड दाखवायचं होतं, म्हणून परतलो. मुद्दा बरा. मांडणी विस्कळीत. पुस्तकात सुधारून घेईन.

१४ मार्च
मुलीला फोन. जावई म्हणाले, ती अंघोळीला गेलीय. मंगळवारपासून ती अंघोळीलाच आहे. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळलं.

१५ मार्च, दुपारी
प्रकरण दुसरं : मोह. ताज्या अनुभवाशिवाय लिहिणं अप्रामाणिक. अर्धा पेग. केवळ संदर्भासाठी.

संध्याकाळी
संदर्भाची बाटली संपली. दुसरी आणली. प्रकरण कोरं.

१६ मार्च
सभेला गेलो नाही. लेखनाचा ताण. ड्रायव्हर घरी येऊन गेला. हिने सांगितलं, झोपलेत. तो म्हणाला म्हणे, उठले की सांगा वहिनी, आज सहा जण होतो.
माझ्याशिवाय सहा! कोणाच्या परवानगीने?

२३ मार्च
ही भावाकडे गेली. भांडली नाही. दूध तापवून ठेवलंय म्हणाली. कपाटातली तिची बाजू रिकामी. कपाटाचं दार लावून घेतलं. सभा राहिली.

२९ मार्च
प्रस्तावना पूर्ण. उद्या वाचणार. मंडळाला शिस्त लावायलाच हवी. आज अजिबात घेतलेली नाही. जेवणाआधीची सोडून.

३० मार्च
गेलो. बाकं गोल लावलेली. नऊ जण. अध्यक्षाची खुर्चीच नाही. प्रस्तावनेचे कागद बाहेर काढले. एका बाईंनी विचारलं, हे कोण? मी घसा साफ केला. तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, नवीन आहेत, जरा सरकून घ्या.
सगळे सरकले. बसलो.