चौदा तारखेची रात्र

प्रिय दिव्यानी,

हे पत्र तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर धाडून राह्यलो, कारण घरी फोन केला की सगळे ऐकतात अन् हे कोणी ऐकण्यासारखं नाई. नाटकाचा हंगाम जोरात आहे. परवा चिमूरकडं प्रयोग होता, माझ्या सोंगाले लोकं हसून हसून लोळले. मले मात्र रंग पुसताना आरशात पाहवत नाई, खरं सांगतो.

चोवीस तासांचं घड्याळ मले तूच शिकवलं. तेरा म्हणजे दुपारचा एक, अठरा म्हणजे संध्याकाळचे सहा, फक्त बारा वजा करायचे. मंडळात किती मिरवलो मी त्याच्यावर! मग तुझा मेसेज आला, लेकराले घेऊन येते, गाडी चौदा तारीख, वडसा ००:२५. आता शून्यातून बारा कसे वजा करावे, माय? मी समजलो, चौदाची रात्र. आम्हा नाटकवाल्यांची तारीख बाराले कुठी बदलते? चौदाचं नाटक पहाटे पाचले संपलं तरी ते चौदाचंच. उजाडल्याशिवाय पंधरा होत नाई. कोणाले तरी विचारायचं होतं, पण एवढा मिरवून बसलो होतो, लाज वाटली.

म्हणून तेराच्या रात्री मी स्टेजवर होतो अन् तू तीन महिन्यांचं लेकरू घेऊन वडसा स्टेशनच्या बाकावर. नाटक्याले दिवसरातीचं भान नसते, एकटी जाऊ नको, असं तुझ्या सासूबाई रुखमाबाई म्हणाल्या होत्या. "माझा बाबा येईलच" म्हणून तू त्यांच्याशी भांडून निघाली होती. माझा फोन कपड्यांच्या पेटीत बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी चार्जिंगले लावला तर तुझे कॉल दिसले. मले वाटलं, पोरगी आजची आठवण करून देऊन राह्यली. खूश झालो, गाढव कुठला. मंडळाची गाडी मागितली, झबलं-टोपरं घेतलं अन् चौदाच्या रात्री फलाटावर जाऊन उभा राह्यलो. गाडी आली, तू उतरली नाई. तिथल्या हमालानं मेसेज वाचून सांगितलं, भाऊ, रात्री बाराले तारीख बदलते, हे तर काल झालं. एक बाई रातभर लेकराले पदरात गुंडाळून थंडीत बसली होती, सकाळच्या गाडीनं परत गेली. तुले फोन करायची हिंमत झाली नाई. तूही केला नाई.

मग जावईबापूंचा फोन आला. प्रफुलराव किती आनंदात होते! म्हणाले, "बाबा, प्रयोग टाकून तुम्ही स्टेशनवर आले, लेकराले छातीशी धरून रडले, दिव्यानीनं सगळं सांगितलं. आईले आता बोलायले जागाच नाई." माझ्या घरी कोणी नाई म्हणून मीच तुले सकाळच्या गाडीत बसवून दिलं, असंही तू सांगितलं म्हणे. मी म्हणालो, "हो."

तू माझी लाज राखायले खोटं बोलली, अन् मी ते निमूट घेतलं. याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते, माय.

आता रुखमाबाई मार्कंड्याच्या जत्रेले येऊन राह्यल्या अन् मले भेटणार आहेत, असा निरोप आहे. गोष्ट नातवावरच येईल. म्हणून हे पत्र. लेकराचं नाक कोणावर गेलं? रंग कसा आहे? डोक्यावर केस आहेत का? कोणाच्याही हातात जाते की रडते? सगळं लिहून कळव. नातवाले छातीशी धरलेल्या आजाले एवढं तर माहीत पाहिजे.

तुझाच,
बाबा