गेटमधला गुलमोहोर

१९ मे २०२४, रविवार

काल दुपारच्या वादळात अंगणातला गुलमोहोर आडवा झाला. मुळं उपटून इकडं, शेंडा कंपाऊंडच्या भिंतीवर, आणि बुंधा नेमका गेटच्या मागं. कुणाला लागलं नाही. गेट वीतभर उघडतं. मांजर ये-जा करतं, आम्ही नाही.

२ जूनला रेणुकाला बघायला फर्दापूरहून नानासाहेब आणि मंडळी येणार आहेत. त्यांचं तिथं लेणी बघायला येणाऱ्यांसाठी लॉज आहे. मुलगा इथंच बँकेत. माझ्या बायकोचं, म्हणजे सारजाचं म्हणणं, पोरापोरीनं आधीच एकमेकांना पसंत केलंय, आपण फक्त चहा करायचा. माझ्या मते माझी मुलगी असलं काही बापापासून लपवणार नाही.

शेजारचे गयासभाई, रिटायर्ड हेडमास्तर, भिंतीवरून म्हणाले, बद्रीभाई, मनपावालों को फोन लगाओ, घंटेभर में उठा के ले जाते. मी हसलो. चिकलठाण्याच्या कंपनीत मी आयुष्यभर परचेस डिपार्टमेंटला होतो. मोठमोठ्या मशिनी माझ्या सहीनं आल्या. एक झाड मला जड आहे का?

संकल्प: पेट्रोलवरचा चेनसॉ घेणे. झाड स्वतः कापणे. वेळ: फार तर दोन तास.

२० मे, सोमवार

चेनसॉ आणला. दुकानदार म्हणाला, चालवून दाखवतो. म्हटलं, गरज नाही. मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही. सोबत हेल्मेट, तोंडापुढची जाळी, कानावरचे मफ, जाड हातमोजे, आणि चेन लागली तरी फाटू नये अशी जाडजूड पॅन्ट. सेफ्टी फर्स्ट.

खोकं गयासभाईंच्या घरातून आणलं आणि मधल्या भिंतीवरून आत घेतलं. सध्या आमची वाट हीच. दोन्हीकडं एकेक स्टूल ठेवलंय.

२१ मे, मंगळवार

मॅन्युअल मोठ्यानं वाचतोय, म्हणजे घरच्यांनाही सेफ्टी कळेल. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाची वरची बाजू कशाला टेकली तर मशीन उसळून तोंडावर येतं. याला किकबॅक म्हणतात. सारजा मेथी निवडता निवडता म्हणाली, मग टेकवू नका. बायकांना कुठलाही विषय सोपाच वाटतो.

संध्याकाळी पूर्ण ड्रेस घालून बघितला. ऊन उतरलेलं, तरी पाच मिनिटांत घामाची आंघोळ. सारजानं विचारलं, मोहोळ काढायला निघालात का?

२३ मे, गुरुवार

आज मुहूर्त. मशीन सुरू झालं नाही.

कारण तांत्रिक आहे. मशीनला दोन टाक्या. एकीत पेट्रोल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण, दुसरीत चेनवर सुटणारं तेल. दोन्ही झाकणं सारखी. त्यांवर चित्रं आहेत, पण जाळीच्या आत माझा चष्मा धुरकटला होता. थोडक्यात, इकडचं तिकडं गेलं. सगळं उपसलं, धुतलं, पुसलं. मग दोरी ओढली. ओढतच राहिलो. चोक बंद करायचा राहिला होता म्हणून इंजिनात पेट्रोल तुंबलं.

मनगट सुजलं. क्रेप बँडेज बांधलंय. गुलमोहोर ठणठणीत.

२५ मे, शनिवार

सुरू झालं! पुस्तकाबरहुकूम: मशीन जमिनीवर, चेन ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत बूट, मग झटका. असा आवाज की सगळी गल्ली गोळा झाली. गयासभाईंच्या बेगम आबेदाभाभींनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. मी हात उंचावला नाही. चालू मशीन एका हातात धरायचं नसतं.

खूप वेळ कापलं. धूर भरपूर निघाला, भुसा नाही. साल काळी पडली. निष्कर्ष: गुलमोहोराचं लाकूड फार कठीण असतं. कुणालाच माहीत नसतं हे.

गयासभाईंनी विचारलं, चेन उल्टी तो नहीं लगी? मी त्यांना डिझाइन समजावून सांगितलं.

२६ मे, रविवार

चेन उलटी होती. गयासभाई बोलले होते हे खरं, पण लक्षात माझ्याच आलं.

सुलटी बसवली. ताणही बघितला. हातानं ओढली की पट्टीपासून जरा सुटते, सोडली की परत बसते, म्हणजे बरोबर. एक फांदी लोण्यासारखी कापली गेली! फांदीखाली मुरूम होता. चेन फांदीतून निघाली ती मुरमात. ठिणग्या उडाल्या. दात गेले.

आता कानशीनं एकेक दात घासायचा. सगळे दात एकाच कोनात, एकसारखे. हे काम ध्यानधारणेसारखं आहे. रोज थोडं थोडं करणार.

२९ मे, बुधवार

ध्यानधारणेत व्यत्यय. सारजा भडकली. म्हणाली, इतके दिवस भाजीची पिशवी घेऊन भिंत चढतेय, गुडघे गेले माझे. नानासाहेबांच्या बायकोला काय सांगू, काष्टा घालून या म्हणू? मी म्हटलं, तोवर गेट उघडेल. ती म्हणाली, लेकीची सोयरीक आहे ही, तुमच्या कंपनीचं टेंडर नाय.

रेणुका मग ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, बाबा, मनपाला मी फोन करते. फोन तिच्या हातात होताच.

माझ्या तोंडून निघून गेलं की, रिटायर झाल्यापासून या घरात मला कुणी काही विचारतं का? वायफाय बंद पडलं तरी मला न सांगता माणूस येऊन जातो. एक झाड तरी माझ्याकडं राहू द्या.

तिनं फोन ठेवून दिला. मी दात घासत होतो, ती बसून राहिली. उठताना म्हणाली, पण हेल्मेट काढू नका हं.

१ जून, शनिवार

दात तयार. एअर फिल्टर ब्रशनं साफ केला. पेट्रोल मशीन थंड असताना भरलं, झाकण पुसलं, भरल्या जागेपासून लांब नेऊन सुरू करून बघितलं. मशीन शिवणयंत्रासारखं चालतंय.

उद्याचा प्लॅन: मंडळी अकराला येणार. मी सातला लागणार, नऊपर्यंत गेट मोकळं. मग आंघोळ. सारजानं माझा इस्त्रीचा शर्ट गयासभाईंच्या घरी नेऊन ठेवलाय. या अविश्वासाबद्दल मी तिला काही बोललो नाही.

२ जून, रविवार, दुपारी

जे झालं ते लिहून काढतो.

आधी फांद्या उतरवल्या. तासापेक्षा जास्त गेला, पण काम सुबक. मग बुंधा. मधोमध वरून पट्टी घातली. अर्ध्यात गेली आणि लाकडानं जबडा मिटल्यासारखी पकडली. बुंधा दोन्ही टोकांना टेकलेला असला की मधला भाग खाली दबतो, वरची चीर मिटते. म्हणून वरून थोडंच कापायचं आणि बाकीचं खालून. हे पान मी वाचलं होतं. सारजालाही वाचून दाखवलं होतं.

इंजिन बंद केलं. ओढलं, हलवलं, बुंध्यावर पाय देऊन ओढलं. अंगभर भुसा, जाळीवर भुसा. अशा अवस्थेत गेटवर कुणीतरी हात हलवताना दिसलं. नानासाहेब! सिल्लोडचा रस्ता मोकळा मिळाला म्हणून मंडळी तासभर आधीच दारात. मागं त्यांची बायको आणि मुलगा.

मी एका कानावरचा मफ उचलला.

नानासाहेबांनी विचारलं, "काय बाबा, मालक कुठं हायेत?"

मी म्हणालो, "आत हायेत जी."

का म्हणालो, मला सांगता येणार नाही. त्या घटकेला मालक आत असावेत असं मला मनापासून वाटलं.

"पट्टी अडकवलीस व्हय? दम खा जरा, पाणी पी. उन्हाचं लई जोर नको लावू," असं म्हणून ते बाजूला झाले. माणूस चांगला आहे. आबेदाभाभींनी मंडळींना स्वतःच्या घरात नेलं. आमच्या सारजानं नवी साडी सावरत भिंत ओलांडली, मागून रेणुका. मी नळाखाली बसलो, अंग घासलं, आणि भिंतीवरून पलीकडं उतरलो. शर्ट, पावडर, कंगवा. मग गयासभाईंच्या बैठकीत गेलो आणि नमस्कार म्हणालो.

नानासाहेब उठून उभे राहिले. आम्ही फार लवकर आलो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे छे, पूजेत होतो. ते म्हणाले, तुमचा तो झाडवाला बिचारा उन्हात अडकलाय, त्याला चहा तरी पाठवा. मी म्हटलं, पाठवलाय. गयासभाईंना जोराचा ठसका लागला, ते उठून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. रेणुकाची मान खाली होती आणि खांदे हलत होते. मंडळींना वाटलं, लाजतेय.

फक्त मुलगा माझ्या मनगटावरच्या बँडेजकडं बघत होता. निघताना त्यानं वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "हाताला जपा, बाबा."

त्यानं ओळखलं असं सारजाचं म्हणणं. मला नाही वाटत.

३ जून, सोमवार

रेणुकाला सांगितलं, कर फोन. तिनं 'बघा, मी म्हणत होते' असं एकदाही म्हटलं नाही. मशीन अजून बुंध्यातच. चिमण्या बसतात त्यावर.

५ जून, बुधवार

मनपाची माणसं सकाळी आली. चहा होईपर्यंत झाड ट्रकमध्ये. माझं मशीन सोडवून ओट्यावर ठेवून गेले. पट्टी वाकलीय. सारजानं गेट सताड उघडलं, बंद केलं, परत उघडलं.

दुपारी नानासाहेबांचा फोन. मुलगी पसंत, घर पसंत, शेजारी तर फारच पसंत. साखरपुडा कधी करायचा ते तुम्हीच सांगा म्हणाले. मुलीचे वडील तुम्ही, तुम्हाला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाय. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी स्पीकर चालू केला होता, सारजाला नीट ऐकू जावं म्हणून.

मग म्हणाले, एक सांगू का साहेब, राग नका धरू. तो परवाचा झाडवाला. त्याला परत मशीनला हात लावू देऊ नका. वय झालंय त्याचं, आणि त्यातलं काही कळत नाय त्याला. एखाद्या दिवशी हातपाय तोडून घेईल गरीब.

सारजा माझ्याकडं बघत होती. रेणुकाही.

मी म्हणालो, "आजच नारळ दिला त्याला."