सात नंबरच्या मशीनचा गुन्हा

सोम. ३ मार्च
सात नंबरच्या मशीनवर आजही तेच. पेनड्राइव्ह लावला की दिसतो, मधेच गायब. स्क्रीनवर ओळींवर ओळी: यूएसबी तुटलं, जोडलं, तुटलं. सायलीचा प्रोजेक्ट कॉपी होता होता गेला. फाइलच उघडेना. पळसदेवहून एसटीनं येते पोरगी, घरी कॉम्प्युटर नाही. "मॅडम, परत सगळं करावं लागंल?" बुधवारी, बारा तारखेला, प्रॅक्टिकल, तिचा नंबर सातवरच.
विभागप्रमुख जगदाळे सर, सगळ्या वर्गासमोर: "लॅब असिस्टंट कशाला ठेवलीय मग?"

मंगळ. ४
पेनड्राइव्ह बदलला. पोर्ट बदललं. सहा नंबरचा पॉवर सप्लाय काढून सातला लावला. तरी तेच. सर म्हणतात लिनक्स काढून टाका, फुकटच्या मालाचं असंच.
बाकीच्या अकरा मशीनवरही हीच सिस्टीम, लिनक्सच आहे, आणि नीट चालतेय. हे बोलले नाही.

गुरु. ६
दिवसभर सातसमोर. प्रत्येक एररची वेळ टिपली. एक ओळ आज नीट वाचली: हबनं पोर्ट बंद केलं, ईएमआय? म्हणजे बाहेरून विजेचा त्रास होतोय का, असं मशीनच विचारतंय. सरांना दाखवलं.
"ईएमआय? हप्ता थकलाय व्हय मशीनचा?"
स्टाफरूम हसली. मीही हसले. त्याचाच राग येतोय.

शुक्र. ७
सापडलं. भिंतीपलीकडं सरांची केबिन. त्यांच्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की इकडं एरर. चारदा बघितलं, चारही वेळा. वायरमन दत्तूतात्यांनी बोर्ड उघडला. एसी सातच्याच लाइनवर, अर्थिंगची वायर तुटलेली.
"एसी बसवायला आलेल्यांनी तोडली. मी सरांना बोललो व्हतो. म्हणले, चालतंय."
तात्या, एवढं लिहून द्या, म्हटलं.
"न्हाय ताई. माझं नाव मधी नको. दोन वर्सं ऱ्हायलीत रिटायर व्हायला."

सोम. १०
परीक्षेपुरता एसी बंद ठेवा, सरांना म्हटलं. दुपारी शिपायाच्या हाती कागद: 'लॅब असिस्टंटच्या हलगर्जीपणामुळे विद्यार्थिनीचे नुकसान.' खाली माझं नाव, सहीला जागा. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतं, हे सरांना पाठ.
अम्मी: "कर सही. मिटव एकदाचं. तात्या गप बसला तर तुझंच काय अडलंय?"

मंगळ. ११
सायलीनं प्रोजेक्ट पुन्हा केला. सकाळी सर यायच्या आत सातवरच कॉपी करून घेतला. एसी बंद, एकही एरर नाही.
"मॅडम, तुमची चूक नव्हती ना? सर वर्गात म्हणाले..."
तू परीक्षेचं बघ, म्हटलं. सरळ उत्तर द्यायला काय झालं होतं मला?
मग एररच्या वेळांचा कागद आणि मशीनच्या नोंदींचा लॉग घेऊन प्राचार्यांकडं गेले. सही केली नाही. सर तिथंच, दोघं चहा पीत.
प्राचार्य म्हणाले, "ठेवा. बघतो." कागदावर पेपरवेट ठेवला, वाचला नाही.
सर गोड आवाजात, "बसा की मॅडम, चहा घ्या." रमजान चालू आहे, त्यांना ठाऊक आहे. रोजा आहे सर, म्हटलं. उभीच राहिले.
उद्या परीक्षा. एसी चालू असणार की बंद, विचारलं. दोघंही कपाकडं बघत होते.