सकाळचा आकडा

मी, शेवटी सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा शीतगृहे व थंड यंत्रे बसवणे, आज माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, फुप्फुसे नाहीत. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याने बोलायला लागले, तेव्हाच मी काय ते ओळखले. हे लिहिण्यासाठी कोणी मला धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. उलट पाचवे कलम गाळा, असे वकिलांनी तीनदा सुचवले. ते गाळायचे तर बाकीचे लिहिण्यात मला काडीचा रस नाही, हे मी त्यांना सांगितले आहे. याआधी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात पाचवे कलम नव्हते.

कलम एक. बँकेत जी शिल्लक निघेल ती माझ्या एकुलत्या एक मुलाला. त्याची आई हयात नाही, तेव्हा वाटेकरी कोणी नाही. मुलगा एअर कंडिशनर विकतो. दुकानाला काच आहे, अंगात इस्त्रीचा शर्ट असतो, आणि आयुष्यात त्याने एकही नळी जोडलेली नाही. यावरून मी त्याला चारचौघांत पुष्कळ टोचले. 'उंटावरून शेळ्या हाकतोस' असेही म्हणालो. खरे तर तो या धंद्यात आला नाही याचा मला आनंदच होता, पण तोंडाने कधी निघाले नाही. ते येथे लिहून ठेवतो.

कलम दोन. माझा व्हॅक्यूम पंप आमच्या धंद्यातल्या त्या गृहस्थाला द्यावा, ज्याला सगळे भोंगा म्हणतात. तो वर्षानुवर्षे माझी गिऱ्हाइके पळवत आला, कारण माझे दोन दिवसांचे काम तो अर्ध्या दिवसात उरकतो. नळ्या जोडल्या की आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची, तासन्‌तास, आणि मगच गॅस भरायचा. थेंबभर पाणी आत राहिले तर त्याचा बर्फ होऊन बारीक वाट बुजते, नाहीतर आम्ल होऊन ते कॉम्प्रेसर आतून खाते. भोंगा पंप लावतच नाही. गॅसची एक फुंकर सोडतो आणि म्हणतो, "झालं साफ!" पंप द्यावा, त्यातले तेल बदलून द्यावे, आणि त्याने तो एकदा तरी चालू करून पाहावा. हे कलम मी टोमणा म्हणून लिहायला घेतले होते. पाचवे लिहून झाल्यावर परत वाचले, तर कोणाला टोमणे मारण्याची माझी लायकी उरलेली दिसली नाही. पंप तरीही द्यावा.

कलम तीन. खालच्या वर्कशॉपमधली सगळी हत्यारे पुतणीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला. दाब दाखवणारे गेज, नळ्या वाकवायचे आणि कापायचे सामान, जोड सांधायचे ब्रेझिंगचे टॉर्च, नायट्रोजनचा रेग्युलेटर, गॅस तोलायचा वजनकाटा. सात वर्षांपूर्वी ती आईच्या नकळत माझ्याकडे काम शिकायला आली होती. "काका, फक्त हाताखाली ठेवा," म्हणाली. हे बायकांचे काम नाही, असे सांगून मी तिला वाटेला लावले. खरे कारण वेगळे होते. ती गेजसमोर उभी राहिली की मान थेट तिच्या बापासारखी कलती करत असे, आणि ते मला बघवले नाही. ती दुसऱ्या ठिकाणी शिकली. आज तिने जोडलेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत. माझ्यापेक्षा बऱ्या आहेत.

कलम चार. हे घर, वरच्या तीन खोल्या आणि खालचे वर्कशॉप, गच्चीच्या हक्कासह, भावजयीला, म्हणजे धाकट्याच्या पत्नीला. एकोणीस वर्षांत ती या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. भावाच्या मरणानंतर मी अपघाताच्या चौकशीत त्याच्यावरच बोट ठेवले, हा तिचा राग. "खरं असलं तरी सख्ख्या भावानं बोलायचं नसतं," असे ती नातेवाइकांत म्हणाली, ते माझ्या कानावर आले. ते खरे नव्हतेच, हे तिला ठाऊक नाही. ती घर घेईल की नाही ते मी सांगू शकत नाही. काही कारणाने हे कलम लागू झाले नाही तर घर मुलाकडे जावे.

कलम पाच. या कलमाने मी काही देत नाही. घेतलेले परत करतो.

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी एका फुलांच्या व्यापाऱ्याचे शीतगृह बसवले. फुलांची खोली वर होती. यंत्रे खाली तळघरात, आणि तळघर जेमतेम चार-पाच पावलांचे. नळ्या जोडून झाल्या की आमची एक पद्धत असे. नायट्रोजनने अठ्ठावीस किलो दाब भरायचा, झडप बंद करायची, आणि गेजखाली नळीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर बॉलपेनने दाब, वेळ आणि तळघरातले तापमान लिहून सही करायची. सकाळपर्यंत हात लावायचा नाही. सकाळी त्याच ओळीखाली दुसरी ओळ. आकडा टिकला तर जोड धरले. ती पट्टी पुढे यंत्र असेपर्यंत तिथेच राहते. त्या संध्याकाळी धाकट्याने पहिली ओळ लिहिली आणि सही केली.

सकाळी काटा साडेसव्वीसवर होता.

"रात्री गारठा पडला. दाब उतरणारच," मी म्हणालो.

धाकट्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. "दादा, तापमान सहा अंशच उतरलंय. गारठ्यानं फार तर अर्धा किलो जाईल. हा दीड गेलाय. कुठंतरी गळतंय."

त्याचे बरोबर होते. एकूण बावन्न जोड होते. प्रत्येकावर साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधायला सबंध दिवस गेला असता. त्यातून अकरा जोड मी आदल्या दिवशीच तळघराच्या भिंतीच्या पत्र्याआड बंद करून टाकले होते, काम पुढे दिसावे म्हणून. चाचणीआधी जोड झाकायचा नाही, हे धाकट्याला शिकवणारा मीच. आणि फुलांच्या गाड्या दुपारी चारला यायच्या होत्या. मी व्यापाऱ्याला शब्द दिला होता. शब्दाला जागणारा माणूस म्हणून माझे नाव होते, आणि ते नाव मला फार प्यारे होते.

मी धाकट्याला पंपाचे तेल आणायला पिटाळले. तो गेल्यावर पट्टी सोलून काढली, नवी लावली. संध्याकाळची ओळ त्याच्या अक्षरात उतरवली आणि तिच्याखाली सकाळची ओळ लिहिली, अठ्ठावीस. मग त्याची सही केली आणि नायट्रोजन सोडून काटा पुन्हा अठ्ठावीसवर आणला. त्याचे अक्षर मला सहज येत असे, लहानपणी पाटीवर मीच त्याच्याकडून गिरवून घेतले होते. माझ्या स्वतःच्या अक्षरात का लिहिले नाही, हे मी स्वतःला एकोणीस वर्षे विचारतो आहे. उत्तर एकच येते. पुढेमागे काही झाले तर, म्हणून.

तो परत आल्यावर मी म्हणालो, "गेजचीच नळी ढिली होती. घट्ट करून पुन्हा भरला. आता धरलाय बघ."

"मग ठीक," तो म्हणाला. त्याने पट्टीकडे पाहिलेसुद्धा नाही.

पंप लावला. पंप बंद केल्यावर गेजचा काटा पुन्हा हळूहळू चढू लागला. आत ओल असेल तर तो थोडा चढून थांबतो. गळती असेल तर चढतच राहतो. कोणते ते कळायला तासभर वाट पाहावी लागते. "ओल आहे, उडून जाईल," असे म्हणून मी दहाव्या मिनिटाला सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. बेचाळीस किलो गॅस तोलून भरला. चार वाजता फुले आत गेली. व्यापाऱ्याने माझी पाठ थोपटली.

अकराव्या दिवशी तक्रार आली की खोली थंड होत नाही. मी दुसऱ्या कामावर होतो, म्हणून धाकटा गेला. तळघराच्या दारातून त्याने मला फोन केला.

"दादा, जोडांची खात्री आहे ना? नाहीतर आधी पंखा लावून तळघर मोकळं करतो."

"खात्री आहे. जोडांचं सोड, तू कॉम्प्रेसर बघ."

"बरं."

हे त्याचे माझ्याशी शेवटचे बोलणे. या गॅसला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा तो जड असतो, त्यामुळे खोलगट जागी पाण्यासारखा साठतो आणि तिथे माणसाला श्वास मिळत नाही. भिंतीआडचा एक जोड पुरता सुटला होता. धाकटा जिना उतरला आणि कॉम्प्रेसरशी वाकला. दीड तासाने हमालाला सापडला तेव्हा त्याच्या हातातली बॅटरी चालूच होती. तो चौतीस वर्षांचा होता. मुलगी तीन वर्षांची.

चौकशीच्या साहेबांनी ती पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्यासमोर धरली. "हे अक्षर कुणाचं?"

"धाकट्याचं."

"सही?"

"त्याचीच."

तुम्हाला त्याने खाली जाण्याआधी काही विचारले का, असेही साहेबांनी विचारले. मी नाही म्हणालो. अहवालात आले की मयताने चाचणी न करता आकडा लिहिला आणि तो स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला. भरपाईचा अर्ज त्याच अहवालावर फेटाळला गेला. मेल्या म्हशीला मणभर दूध, असे लोक म्हणतात. माझ्या भावाला तेवढेही मिळाले नाही. त्याच्यासारखा चोख कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही, आणि धंद्यात आजही कोणी जोड न तपासता घाई केली की त्याचे नाव घेऊन दटावतात. मी तिथे उभा असतो. मान हलवतो.

तरी शपथेवर लिहितो. सकाळचा आकडा साडेसव्वीस होता. धाकट्याने तो बरोबर वाचला आणि हिशेबही बरोबर केला. अठ्ठावीस मी लिहिले. सही मी केली. जोड मी झाकले. फोनवर खात्री मी दिली. माझा भाऊ माझ्यामुळे मेला आणि मेल्यावर मी त्याचे नावही हिरावून घेतले.

कलम सहा. पाचव्या कलमाची एकेक नक्कल अपघाताची चौकशी करणाऱ्या कार्यालयाला आणि आमच्या कारागीर मंडळाला द्यावी. मंडळाच्या सभेत मुलाने ते मोठ्याने वाचावे. माझ्यामागे कोणी भाषण करू नये, हाडाचा कारागीर वगैरे तर मुळीच म्हणू नये. हे कागद मी गेल्यावरच उघडावेत, असे एक वाक्य येथे होते, ते मी खोडले आहे. मेलेल्याला कोणी जाब विचारू शकत नाही, म्हणूनच ते मला सुचले होते. आईला घेऊन ये, असा निरोप मी पुतणीला पाठवला आहे.

कलम सात. (सह्या होण्याआधी, मी सांगितले तसे वकिलांच्या कारकुनाने लिहून घेतले. माझा हात आता चालत नाही.)

भावजय आली. बसली नाही. खिडकीशी उभी राहून तिने सगळे कागद वाचले, पाचवे कलम दोनदा. खोलीत मुलगा, पुतणी, वकील, डॉक्टर आणि कारकून होते.

"त्यांनी फोन केला होता तुम्हाला? खाली जायच्या आधी?" तिने मला विचारले.

"हो."

"पंखा लावू का म्हणाले?"

"हो."

ती पुतणीकडे वळली. "बापासारखी आळशी होऊ नकोस, बापासारखी आळशी होऊ नकोस. तुला जेवताना म्हटलं, अभ्यासाला बसताना म्हटलं. तो माणूस पंखा लावू का विचारत होता गं."

पुतणी रडू लागली. मीही रडलो, पण त्याला तिथे कोणी किंमत दिली नाही, आणि ते योग्यच झाले.

वकिलांनी साक्षीदार म्हणून डॉक्टरांच्या मागोमाग कारकुनाला पुढे बोलावले. भावजय म्हणाली, "थांबा. दुसरी सही मी करते."

"बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, कायदा तसा आहे. तुम्ही सही केलीत तर घर जाईल," वकील म्हणाले.

"जाऊ दे."

"घर तुझंच आहे," मी म्हणालो. "असा हट्ट करू नकोस."

"भाऊजी, मी घर घेतलं तर उद्या लोक काय म्हणतील? मरायला टेकलेल्या माणसाकडून हिनं घरासाठी हवं ते लिहून घेतलं. म्हणजे चूक परत तुमच्या भावाचीच ठरणार. फुकट सही केली तर कोण काय बोलेल?"

वकिलांनी कारकुनाला मागे बसवले. तेव्हा चौथे कलम तिच्या सहीने निष्फळ होईल आणि घर मुलाकडे जाईल, हे मी समजून-उमजून मान्य करतो. पुतणीच्या हत्यारांना यामुळे बाधा येत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले. ते माझेच आहे.

ठिकाण : माझ्या घराची पुढची खोली
दिनांक : एकोणीस नोव्हेंबर, दुपारचे साडेतीन

मृत्युपत्र करणारा : (सही)

साक्षीदार पहिले, मला तपासणारे डॉक्टर : यांना धाप लागते, पण ते शुद्धीवर आहेत व काय करीत आहेत ते जाणतात. सही आमच्यासमोर केली. (सही)

साक्षीदार दुसरी, धाकट्याची पत्नी : सही माझ्यासमोर केली. जे लिहिलंय ते माझ्यासमोर तोंडानंही कबूल केलं, म्हणून मी सही करते. माफ केलेलं नाही. (सही)