दातांच्या डॉक्टरांची गाडी

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी वहिनीला हाक मारणार. नको मारूस, एकट्यानं वाच. मोबाइलवर चार ओळी टाकल्या असत्या तर तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून मुद्दाम कागद घेतला.

मी मजेत आहे. टायरवाल्याच्या मागची अर्धी शेड भाड्यानं घेऊन आठ महिने झाले. पत्रा दोन ठिकाणी गळका आहे आणि हात धुवायला बाहेरच्या नळावर जावं लागतं. दाराला बेल नाही, लावून उपयोग काय? बाहेर एक कळ बसवली आहे, ती दाबली की माझ्या डोक्यावर पिवळा दिवा पेटतो. टायरवाला सुरुवातीला माझ्याशी गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा. आता खडूनं लिहितो. परवा एका टायरवर 'चहा?' लिहून त्यानं तो टायर माझ्या दारापर्यंत गडगडत सोडला.

तीन महिन्यांपूर्वी दातांचे डॉक्टर आले. तुझंच गिऱ्हाईक, लाल दोनदारी गाडीवाले. त्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा तो शर्यतीचा कॅमशाफ्ट तूच बसवलास आणि झकास बसवलास. मी सगळ्या खुणा जुळवून पाहिल्या, केसभर फरक नव्हता. पण गाडी सिग्नलला बंद पडायची, मागून काळा धूर, आत पेट्रोलचा एवढा वास की त्यांच्या बायकोनं बसणंच सोडलं. तू चार वेळा गाडी ठेवून घेतलीस आणि चारही वेळा पेट्रोल वाढवलंस. शेवटी त्यांना म्हणालास, "शर्यतीचा कॅम आहे डॉक्टर, एवढं चालायचंच." ते माझ्याकडे विश्वासानं नाही, वैतागून आले. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर तर दारातच घुटमळले. मी पाटीवर लिहिलं, 'दात काढताना तुम्ही दाताचं ऐकता का?' तेव्हा कुठे हसले आणि किल्ली दिली.

तुला काय ऐकू येत होतं ते मी सांगू शकते. धडधड, मध्येच ठोका हुकल्यासारखा, पुन्हा धडधड. इंजिन अडखळलं की ते उपाशी आहे, असं बाबांनी शिकवलेलं. सेन्सरही तेच म्हणत होता, धुरात ऑक्सिजन फार, म्हणजे पेट्रोल कमी. दोघांचं एकमत झाल्यावर तू आणखी पेट्रोल ओतलंस. मी आधी प्लग काढले. चारही काजळीनं काळे आणि ओले. उपाशी इंजिनाचे प्लग असे असतात का रे? या कॅममुळे आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह काही क्षण एकदम उघडे राहतात. इंजिन सावकाश फिरत असताना थोडी हवा न जळताच बाहेर पडते, आणि सेन्सर ती पाहून पेट्रोल कमी म्हणून बोंब मारतो. त्यात व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनाची हवेची ओढही कमी, त्यामुळे गाडी उभी असली तरी तिच्या कॉम्प्युटरला वाटतं ती चढ चढते आहे. मग तो बिचारा ओततच राहतो.

मी आयडलला, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना, त्या सेन्सरचं ऐकणं बंद केलं. पेट्रोलच्या तक्त्यातले खालचे आकडे थोडे थोडे उतरवले, ठिणगी जरा आधी पाडली, आयडल मिनिटाला साडेनऊशे फेऱ्यांवर नेलं. एक तळवा मडगार्डवर, नजर व्हॅक्यूमच्या काट्यावर. तिसऱ्या दिवशी तो पिसाटलेला काटा एका तालात डोलायला लागला. अडखळणं तेवढं राहिलं, कारण तो त्या कॅमचा स्वभावच आहे, आजार नाही. मग रस्त्यावर गेलो. डॉक्टर गाडी चालवताहेत, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन पुढचे आकडे लावतेय. रोज लोकांना 'घाबरू नका' सांगणारा माणूस इंजिन पाच हजार फेऱ्यांच्या वर गेल्यावर घामानं चिंब झाला. परतताना मोठ्या चौकात गाडी अख्खा लाल दिवा संपेपर्यंत उभी राहिली आणि बंद पडली नाही. हिरवा लागला तरी डॉक्टर जागचे हलेनात, नुसते माझ्याकडे बघून हसत राहिले. मागच्यांनी हॉर्न मारले असतील. मला काय त्याचं.

आता ते सांगते, जे मी इतके महिने कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही. माझे कान नेणाऱ्या त्या तापातून उठल्यावर तू मला वर्कशॉपच्या सुट्या भागांच्या खोलीत बसवलंस. मी ते मान्य केलं, कारण तेव्हा मला जिना उतरतानाही भिंत धरावी लागायची. रोज आरशासमोर बसून मी ओठ वाचायला शिकत होते. एके दिवशी तू काचेपलीकडे कुणाशीतरी बोलत होतास. मी पाहिलं आणि पहिल्यांदाच एक अख्खं वाक्य मला वाचता आलं. "तिला आता इंजिनातलं काय कळणार, बसलीये बिचारी." दादा, मला आधी आनंद झाला. वाक्य वाचता आलं म्हणून. अर्थ नंतर पोहोचला. त्याच आठवड्यात मी माझी पान्यांची पेटी उचलली. तू विचारलंस, काय बिनसलं? मी काही नाही म्हणाले. ते खोटं होतं.

बिचारी मी नव्हते आणि नाही. तुझा राग येतो तेव्हा कधीकधी हेही आठवतं की त्या तापात नऊ दिवस तू दवाखान्याच्या बाकावर बसून होतास. म्हणून पत्राच्या वर 'प्रिय' लिहिलंय आणि ते खोडलेलं नाही.

टेकडीवरच्या शर्यतीत डॉक्टर त्यांच्या गटात दुसरे आले. अर्ज नेहमीसारखा तुझ्या वर्कशॉपमधून गेला होता आणि 'ट्यूनर' या रकान्यात तू स्वतःचं नाव घातलंस. डॉक्टर तणतणत माझ्याकडे आले, आयोजकांकडे जाऊ म्हणाले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आधी दादा स्वतःहून काय करतो ते पाहू. आणि सोमवारी तुझा मेसेज आला. 'लाल गाडीची फाइल पाठव, तसल्याच दोन आल्यात.' ना कशी आहेस, ना शाबास. म्हणून हे पत्र. त्या सगळ्या आकड्यांची फाइल मी पाठवणार नाही. पाठवली तरी दुसऱ्या इंजिनाला ती जशीच्या तशी लागू पडत नाही, हे तुला माझ्याइतकंच कळतं. आयोजकांना दुरुस्तीचं पत्र दे, त्यात ट्यूनर म्हणून माझं नाव लिही आणि त्याची प्रत घेऊन ये. येताना दोन्ही गाड्या आण. माझ्या शेजारी उभा राहा, एकेक आकडा दाखवीन, काही हातचं राखणार नाही. फक्त पहिला तासभर तुला कानात कापसाचे बोळे घालून काम करावं लागेल. माझ्या शेडमध्ये शिकाऊ माणसांना तोच नियम आहे.

तुझीच,
धाकटी