तिसऱ्या डिस्कचं नाव

धुळे, रविवार

प्रिय पुनम,

भडगावला माहेरी गेल्यापासून तू फोनवर 'बरी आहे' एवढंच म्हणतेस, आणि मीही 'जेवलीस का' विचारून फोन ठेवतो. म्हणून आज लिहायला बसलोय. आईचे गुडघे आता बरे आहेत. तुझी मोगऱ्याची कुंडी तिनं सावलीत हलवलीय.

कॉलेजात या आठवड्यात गोंधळ झाला. लाईट जाऊन आल्यावर सर्व्हर सुरू झाला, तर मुलांच्या प्रोजेक्टच्या जागी परीक्षा विभागाच्या फायली दिसायला लागल्या. गेलं काहीच नव्हतं. आत तीन हार्ड डिस्क आहेत. सुरू होताना मशीनला जी आधी सापडेल ती पहिली, मग सापडेल ती दुसरी. या वेळी क्रम बदलला, एवढंच. पण प्रत्येक डिस्क कारखान्यातून स्वतःचा क्रमांक घेऊन येते. तो ओळखून तिला कायमचं नाव देता येतं. मग ती कुठेही जोडा, नाव तेच राहतं.

लॅबमधली नवी असिस्टंट निलोफर शेजारी बसून क्रमांक वाचत होती. एकीला 'परीक्षा' नाव दिलं, दुसरीला 'प्रोजेक्ट'. "सर, तिसरीला काय देऊ या?" तिनं विचारलं, आणि माझ्या बोटांनी भलतंच नाव टाइप केलं. "छान आहे. कोणाचं?" ती म्हणाली. मी ते खोडलं, 'बॅकअप' लिहिलं आणि हात धुवायचं निमित्त करून बाहेर गेलो. बराच वेळ नळ सोडून नुसता उभा होतो.

आपली मुलगी काचेच्या पेटीत होती तेव्हा तिच्या पायाला पट्टी होती, 'बेबी ऑफ पुनम'. गेली तेव्हाही तीच. परवा आई म्हणाली, "बारसंच नही व्हयनं, आते नाव कसाले? बठ्ठं इसरी जा, भाऊ." तिचेही डोळे भरले होते. पण मला विसरायचं नाहीये. नुसतं 'बाळ' म्हटलं की ती कुणाचीही होते गं.

पुनम, मी मनात तिला रेवा म्हणतो. पोटावर हात ठेवून तू तिच्याशी बोलायचीस, तेव्हा तूही काहीतरी हाक मारायचीस. मी खोलीत आलो की गप्प व्हायचीस. ते नाव मला सांग. तेच ठेवू. शनिवारी मी येतोय. तुला न्यायला नाही, हवं तितकं राहा. फक्त एकदा आपण दोघांनी मिळून तिला नावानं हाक मारावी, एवढ्यासाठी.

तुझाच,
योगराज